काडी ओढण्याआधी

फाल्गुन लागला की माझं नाक घरातल्या सगळ्यांच्या आधी जागं होतं. लोकांना या दिवसांत आंब्याच्या मोहोराचा वास येतो म्हणे. मला धुराचा येतो. वाघोलीतली आमची इमारत इतकी उंच आहे की खाली उभ्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही, पण जळक्या गवताचा वास मात्र पत्ता न विचारता वर येतो. काल दुपारी असाच आला. हातातली कणीक तशीच टाकून मी एका गॅलरीत गेले, मग दुसरीत, मग जिन्यातल्या खिडकीपाशी. काही दिसेना म्हणून खाली वॉचमनला फोन लावला. तो अगदी शांतपणे म्हणाला, "मॅडम, मागच्या मोकळ्या प्लॉटवर गवत जाळतायत. दरवर्षी जाळतात. तुम्ही दरवर्षी फोन करता."

"निघाला का बंब?" नवऱ्यानं पेपरातून डोकं वर न काढता विचारलं. तो सदाशिव पेठेत वाढला. तिथली माणसं सहानुभूतीसुद्धा चमच्यानं मोजून देतात, आणि चमचाही लहान घेतात. मी खिडक्या लावल्या, गॅसची कळ बंद आहे ना ते पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं, आणि स्वयंपाकघराच्या दारात उगाच उभी राहिले. या वयात, या मजल्यावर, इतक्या वर्षांनी. मी भित्री आहे आणि आता ते लपवायचाही कंटाळा येतो.

पण माझी भीती बारमाही नाही. तिचा हंगाम असतो. पावसाळ्यात मी चांगली शूर असते, विजा कडाडल्या तरी गाढ झोपते. थंडीत सगळं ठीक असतं. मग एक दिवस दुपारचा वारा जरा कोरडा लागतो, ओठ फुटतात, रस्त्याकडेचं गवत पांढरट दिसायला लागतं, आणि मी रात्री उठून गॅसची कळ तपासायला लागते. अंगाला त्या वर्षाची आठवण माझ्याआधी होते.

मी वाढले ती कॉलनी शहराच्या पश्चिमेला, एका टेकडीच्या पायथ्याशी आहे. कारखान्यात, पोस्टात, शाळांत नोकऱ्या करणाऱ्या माणसांनी तिथे थोडी थोडी जागा घेतली, तेव्हा रिक्षावाले तिकडे यायला सरळ नाही म्हणायचे. बरीचशी घरं आमच्यासारखी बौद्ध, काही विदर्भातून कामासाठी आलेली हिंदू कुटुंबं, खालच्या टोकाला छोटासा विहार, आणि रस्त्याच्या पलीकडे जुनं गाव. आमचं घर बाबांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः विटा वाहून बांधलं. त्या घराचा एकही कोपरा काटकोनात नाही, आणि तसं कोणी बोलून दाखवलेलं बाबांना चालत नाही.

टेकडीवर झाडं थोडी आणि गवत फार. श्रावणात ते हिरवंगार, दिवाळीला पिवळं, आणि फाल्गुनात इतकं वाळलेलं की वारा आला की खुळखुळ वाजायचं. दरवर्षी वर कुठेतरी वणवा लागायचाच. कोणाची विडी, कोणाची खोड, कोणाला ठाऊक. संध्याकाळी माथ्यावर लाल रेघ दिसायची आणि आम्ही मुलं गच्चीवर चुरमुरे खात ती बघत बसायचो. छान दिसायचं. हे लिहिताना अंगावर काटा येतो, पण खरंच छान दिसायचं. बाबा म्हणायचे, "दरवर्षीचंच आहे. वर पेटतं, वरच विझतं." त्यांच्या आवाजात टेकडीशी लेखी करार झाल्यासारखा भरवसा असे.

त्या वर्षी हिंजवडीत नुकत्याच कंपन्या येऊ लागल्या होत्या आणि मला त्यातल्या एका कंपनीत नोकरी लागली होती. सॉफ्टवेअर तपासण्याची. आईला ते कधी समजलं नाही, "दुसऱ्यानं केलेल्या कामातल्या चुका काढायच्या, आणि त्याचा पगार देतात?" असं ती सगळ्यांना कौतुकानं सांगायची. आम्हाला शनिवारीही सुट्टी असे, त्यामुळे शेजारचे गायकवाड काका दर शनिवारी कुंपणावरून विचारायचे, "आजही घरीच? नोकरी आहे ना खरी?" त्या दिवशीही शनिवारच होता. ते विचारून झालं होतं. दुपारची जेवणं झाली होती आणि आई अंगणात पापड वाळत घालत होती.

आधी आवाज आला. धूर नंतर. कोणी कोरड्या पळसाच्या पानांवरून भराभर चालत यावं तसा आवाज. मी मागच्या दारात गेले. टेकडीच्या उतारावर गवत हलत होतं, आणि गवताच्या पुढे ससे, सरडे, पाखरं असं सगळं खाली पळत होतं. त्यांच्या मागे ती होती. उन्हात आग नीट दिसत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. दिसते ती फक्त थरथरणारी हवा आणि काळी होत येणारी जमीन. वारा आमच्या दिशेनं होता. बाबांच्या करारात ते कलम नव्हतं.

"घरं खाली करा!" कोणीतरी ओरडलं. मग दुसरं कोणी ओरडलं, "सिलिंडर काढा आधी, फुटतील!"

आणि आम्ही सगळ्यांनी सिलिंडर काढले. कागद नाहीत, दागिने नाहीत, सिलिंडर. आज गॅस फोन केला की येतो, पण तेव्हा कनेक्शनचा नंबर लागायला वर्षं जायची. आमच्या गल्लीत ज्या दिवशी गॅस आला त्या दिवशी पेढे वाटले होते. त्यामुळे स्फोटाची भीती आणि कनेक्शनची माया, दोन्ही मिळून प्रत्येक घरातून लाल सिलिंडर बाहेर आला. उतारावरून ते गडगडवत खाली नेताना जो आवाज होत होता, तो मला अजून झोपेत येतो. सिमेंटच्या गल्लीवर लोखंड. पुढे आमचा सिलिंडर, एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं आई, आणि मानेवर चटके बसावेत अशी मागून येणारी हवा. आई सारखी म्हणत होती, "माय वो, माय वो." मी तिच्याकडे बघत नव्हते. बघितलं असतं तर माझे पाय थांबले असते.

विहार कॉलनीच्या खालच्या टोकाला, टेकडीपासून सगळ्यात लांब. सगळे तिथेच जमले. सिलिंडर उन्हात ठेवू नये एवढं ज्ञान प्रत्येकाला होतं, म्हणून सगळ्यांनी ते विहाराच्या पडवीत सावलीला नीट रचले. म्हाताऱ्यांना आणि लेकरांनाही ऊन लागू नये, म्हणून त्यांनाही त्याच पडवीत बसवलं. कॉलनीतला सगळा गॅस आणि सगळी लेकरं एका छपराखाली. वरून काळ्या पाकळ्यांसारखी जळक्या पात्यांची राख उडत येत होती, आणि त्यातली काही पाती अजून लाल होती. आई आमच्या सिलिंडरला पाठ टेकून बसली होती. मांडीवर गायकवाड काकांची नात होती, तिला ती गाणं म्हणून झोपवत होती.

बंब आला. त्यातला एक जवान पाणी मागायला पडवीकडे वळला आणि जागीच थिजला. "हे इथं कुणी ठेवलं?" तो अगदी हळू विचारत होता. त्या हळू आवाजानंच मी गार पडले.

"आम्हीच," गायकवाड काका म्हणाले. त्यांच्या सुरात थोडी शाबासकीची अपेक्षाही होती.

"बाई, उठा," तो आईला म्हणाला. "बाळ घेऊन उठा. पळू नका. चालत रस्त्याच्या पलीकडे जा."

आईनं मागे वळून पाहिलं. ती कशाला टेकून बसली होती ते तिला तेव्हा कळलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पुन्हा कोणाच्याही चेहऱ्यावर पाहिलेलं नाही आणि मला पाहायचंही नाही. ती उठली, चालत गेली, पोर त्याच्या आईच्या हातात दिलं, आणि रस्त्याकडेला मटकन खाली बसली. तिचा पापडाचं लाटणं धरणारा उजवा हात थरथरत होता. तो बरेच दिवस थरथरत राहिला.

माणूस एकही गेला नाही, हे आधी सांगायला हवं. वरच्या ओळीतली घरं गेली. पत्रे वाकले, कपाटं काळी पडली, एका घरात फक्त शिवणयंत्राचा लोखंडी पाय उभा राहिला. आमचं घर दुसऱ्या ओळीत, त्यामुळे आमचं मागचं दार जळालं, भिंत काळी झाली, काचा तडकल्या. बाबा कामावरून आले ते त्या भिंतीवरून हात फिरवत राहिले. "भिंत शाबूत आहे," एवढंच म्हणाले.

पुढचे दिवस आम्ही शाळेच्या वर्गांत काढले. मदत पुष्कळ आली, आणि मदतीलाही तिचा तिचा स्वभाव असतो. माझ्या कंपनीतल्या मुलांनी गाडीभर टी-शर्ट आणले. कुठल्याशा कार्यक्रमातले उरलेले, छातीवर इंग्रजीत 'आजच्या पुढे विचार करा' अशा अर्थाचं काहीतरी. आठवडाभर अख्खी कॉलनी तेच घालून फिरत होती. गायकवाड काका त्या टी-शर्टवर धोतर नेसून जळक्या घराच्या उंबऱ्यावर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, "यावर काय लिहिलंय?" कोणी सांगितलं की म्हणायचे, "अस्सं. मग आजचं कोण बघणार?" आम्ही हसायचो. हसता हसता कोणाला तरी रडू फुटायचं.

त्या फाल्गुन पौर्णिमेला विहारात वंदना झाली ती मेणबत्तीशिवाय. कोणी ठरवलं नव्हतं. मूर्तीसमोर फुलं ठेवली, मेणबत्त्या आणल्याही होत्या, पण कोणी पेटवेना. गाथा म्हणताना आमचे सगळ्यांचे डोळे त्या न पेटलेल्या वातींकडे होते. आणि त्याच संध्याकाळी पलीकडच्या गावातल्या हौसाबाई आल्या. आम्हाला दूध घालायच्या त्या. डोक्यावर पाटी, पाटीत पुरणपोळ्या. "गावानं यंदा होळी पेटवली न्हाय," त्या म्हणाल्या. "म्हटलं, तुमास्नी धूर दिसंल. नुस्ती पोळी खावा." त्या गावात होळी न पेटल्याचं वर्ष कोणालाही आठवत नव्हतं.

मग घरं दुरुस्त झाली, वरच्या ओळीवर नवे पत्रे चढले, लोक परतले. बाहेरच्यांना वाटलं, झालं. आम्हालाही तसंच वाटलं होतं. पहिल्या सकाळी आई ओट्याशी उभी राहिली. सिलिंडर जोडलेला, भांड्यात चहाचं पाणी. तिनं रेग्युलेटर फिरवला, काडेपेटी घेतली, काडी काढली, आणि तशीच उभी राहिली. पाणी तसंच, काडी तशीच. मी दारातून बघत होते. थोड्या वेळानं तिनं रेग्युलेटर बंद केला आणि म्हणाली, "तू लाव."

तिथून पुढे रोज मीच गॅस लावायचे. कंपनीची बस सकाळी लवकर यायची, म्हणून मी अंधारात उठायचे. मी काडी ओढेपर्यंत आई अंगणात जाऊन उभी राहायची. ज्योत लागली की आत यायची आणि दिवसभराचा स्वयंपाक उरकून घ्यायची, कारण एकदा बंद झालेला गॅस ती पुन्हा लावणार नव्हती. बाबा पहिल्या पाळीला गेलेले असायचे. दुपारचा चहा ती सकाळीच करून थर्मासमध्ये भरून ठेवायची. त्या थर्मासचं बूच कोंदट वासाचं होतं आणि दुपारी चहाला तोच वास यायचा. दारामागे तिनं एक पिशवी भरून ठेवली होती. साड्या, बाबांची औषधं, माझी प्रमाणपत्रं. पिशवी कधी रिकामी झाली नाही.

हौसाबाईंना हे आपोआप कळलं. दूध घालायला आल्या की कधी भाकरी, कधी वाफाळतं पिठलं ठेवून जायच्या. आईनं एकदा संकोचानं नको म्हटलं, तर म्हणाल्या, "आमची चूल पेटती हाय तवर तुमची न्हाय पेटली तरी चालंल की. घाई काय हाय?" त्या वाक्यानं आईला जितका धीर आला तितका कुठल्याच औषधानं आला नाही.

औषधासाठी बाबा तिला सदाशिव पेठेतल्या एका जुन्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते, मीही बरोबर होते. बाहेर पाटी होती: 'डॉक्टर आत आहेत. दार वाजवल्याने ते अधिक आत जातात.' डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्म्यावरून आईकडे पाहिलं.

"भीती वाटते?"

"हो."

"वाटायलाच हवी. आपण सिलिंडरला टेकून बसला होतात. वाटली नसती तर मी काळजीत पडलो असतो." त्यांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि बाबांना म्हणाले, "अहो, यांना 'घाबरू नकोस' असं म्हणू नका. त्याचा कोणालाही कधी उपयोग झालेला नाही."

आईचं म्हणणं एकच होतं. "पुढच्या फाल्गुनात मी इथं राहणार नाही." ती मूळची पूर्व विदर्भातली, जंगलाला लागून असलेल्या गावातली, आणि मन हाललं की तिची भाषा तिकडे जायची. "काऊन राहायचं सांगा ना? ते गवत पुन्हा वाढून राहिलंय. मला आवाज येते त्याचा." पावसाळा चांगला झाला होता आणि राखेवरचं गवत पूर्वीपेक्षा दाट आलं होतं, वरच्या ओळीच्या भिंतींपर्यंत. मग एक दिवस बाबा म्हणाले, "बरं. विकू." हिंजवडीमुळे आमच्याकडच्या जागांना मागणी आली होती आणि दलाल आपणहून चकरा मारत होते. त्यातला एक आला, त्यानं पायांनी अंगण मोजलं आणि म्हणाला, "घराचं काही नाही, ते पाडावंच लागेल." बाबा आत निघून गेले. मी त्यांच्यामागे गेले. ते त्याच मागच्या भिंतीला हात लावून उभे होते. माघ संपायच्या आत व्यवहार करायचा असं ठरलं.

मला दोघांचंही पटत होतं आणि म्हणूनच मला काही सुचत नव्हतं. बाबांचं घर वाचावं असं वाटायचं, आणि बसमधून परत येताना टेकडीवरचं ते पिवळं पडत चाललेलं गवत दिसलं की वाटायचं, आजच निघावं.

थंडीच्या सुरुवातीला विहारात बैठक झाली. गावातले चार लोक आले होते, हौसाबाईही. गाव आपल्या कडब्याच्या गंजींभोवती दर हिवाळ्यात जाळपट्टा काढतं, म्हणजे गवत पुरतं वाळायच्या आत, सकाळच्या दवात, त्याची एक पट्टी आपणच जाळून टाकायची. मग फाल्गुनात वणवा आला तरी त्या काळ्या पट्टीशी त्याला खायला काही उरत नाही. यंदा तुमच्या घरांमागेही पट्टा काढू, माणसं आम्ही देतो, असं ते म्हणाले.

वरच्या ओळीतली एक बाई ताडकन उठली. "आगीतनं आत्ता कुठं बाहेर आलोय, आणि तुम्ही घरामागं काडी लावायला सांगता?" गलका झाला. मग आई बसल्या जागेवरूनच म्हणाली, "आमच्या तिकडं जंगलात काढत होते. माझे वडील जायचे मजुरीवर. लहानपणी मी डहाळा घेऊन मागं राहायची." सगळे तिच्याकडे वळले तशी ती घाबरून पदराशी चाळा करायला लागली. पण बैठकीचा सूर बदलला होता. पट्टा काढायचा ठरला.

त्या सकाळी दव इतकं होतं की चपला भिजल्या. गावातल्या पुरुषांनी आदल्या दिवशी पट्टीच्या दोन्ही कडांचं गवत कापून ठेवलं होतं. आम्ही ओली गोणपाटं, बादल्या, करंजाचे डहाळे घेऊन उभे होतो. सिलिंडर पहाटेच बाहेर काढले होते आणि या वेळी रस्त्यापलीकडे मोकळ्या रानात, एकमेकांपासून लांब लांब उभे केले होते. धुक्यात ते रुसून बसलेल्या पाहुण्यांसारखे दिसत होते. लेकरांना शाळेत पाठवलं होतं. सगळी तयारी झाली आणि कोणीच काडी लावेना.

गायकवाड काका गावातल्या पुढाऱ्याला म्हणाले, "दादा, करा सुरुवात."

तो मागे सरला. "न्हाय. बाकी सगळं करतो. काडी तुमच्यापैकी कुणीतरी लावा." थोडं थांबून खालच्या आवाजात म्हणाला, "उद्या काय वाकडं झालं, तर गावानं वस्ती जाळली म्हनतील. ते नगं."

गावानं वस्ती जाळल्याच्या गोष्टी आमच्यात प्रत्येक घराला माहीत असतात. कोणी ऐकलेल्या, कोणाच्या आजोबांनी अंगावर झेललेल्या. त्याला त्या माहीत होत्या आणि त्यानं त्या माहीत नसल्याचं नाटक केलं नाही, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. त्यानं काडेपेटी काकांच्या हातात दिली. काकांनी ती बाबांना दिली. बाबांनी एक काडी काढली, आपल्या घराकडे पाहिलं, आणि काडी परत ठेवली. पेटी आमच्या रांगेतून पुढे सरकत राहिली. मग ती माझ्या हातात आली. रोज पहाटे काडी ओढणारी मी, पण त्या गवतापुढे माझं बोट हलेना.

आईनं माझ्या हातातून पेटी घेतली.

"आई, नको," मी म्हटलं.

"घाबरू नको म्हणू नकोस," ती म्हणाली. मी तसं म्हटलंच नव्हतं. ती खाली वाकली, चिमूटभर माती उचलून सोडली आणि ती कुठे पडते ते पाहिलं. वारा नव्हता. पहिली काडी मोडली. दुसरीही मोडली. तिचा हात इतका थरथरत होता की पेटीतल्या काड्या खुळखुळत होत्या. मी तिचं मनगट धरलं. तिसरी पेटली. आईनं ती गवताच्या बुडाशी धरली आणि तिचे ओठ हलताना मला दिसले, आवाज नव्हता.

दवातलं गवत लगेच पेटत नाही. आधी धूर झाला, मग बारीक तडतड, तोच आवाज, पण लहान. आमच्या सगळ्यांच्या अंगातून एकदम काहीतरी गेलं. वरच्या ओळीतली ती बाई मागे पळाली, आणि थोड्या वेळानं डहाळा घेऊन परत आली. आग पट्टीतून सरकत कडेपर्यंत आली, कापलेल्या जागेशी थबकली, उरली ती आम्ही झोडपून काढली. गावचे आणि कॉलनीचे डहाळे एकाच ठिकाणी पडत होते. आई पूर्ण वेळ पुढे होती. ती धीट झाली होती असं मुळीच नाही. ती रडत होती, नाक ओढत होती, आणि झोडपत होती. ऊन वर येईपर्यंत घरांमागे लांबच लांब काळी पट्टी झाली, आणि तिच्याकडे बघून मला पहिल्यांदा पोटभर श्वास घ्यावासा वाटला.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी गजर लावत होते. आई दारात येऊन उभी राहिली. अंगाला अजून धुराचा वास होता.

"उद्या लवकर उठू नको," ती म्हणाली. "बसच्या वेळेला उठ."

मी गजर पुढे ढकलला. सकाळी जाग आली ती चहाच्या वासानं. तो थर्मासमधला नव्हता.

त्यानंतरच्या पौर्णिमेला विहारात मेणबत्ती लागली. एकच, आणि शेजारी पाण्यानं भरलेली बादली. त्या वर्षी टेकडी पेटली ती काळ्या पट्टीशी येऊन विझली. दलाल परत आला तेव्हा बाबांनी त्याला चहा पाजला आणि घराचे कोपरे दाखवले. घर अजून आहे. बाबा थकलेत, आई त्यांना चालवते. टेकडीच्या दुसऱ्या अंगाला आता इमारती झाल्या आहेत आणि आमच्या बाजूला दर हिवाळ्यात गाव आणि कॉलनी मिळून पट्टा काढतात. पहिली काडी आईनंच लावायची असा आता रिवाज पडला आहे.

इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की माझ्या आईची भीती त्या सकाळी गेली. स्वतःलाही तेच सांगत होते, आणि मग माझी का जात नाही याची लाज वाटायची. काल खिडक्या लावून झाल्यावर मी तिला फोन केला.

"आई, धूर येतोय."

"कुठनं?"

"मागच्या प्लॉटवरून. काही नाहीये. वॉचमननं सांगितलं. तरीपण."

"मग येऊ दे भीती. फाल्गुनच आहे."

"तुझी कशी गेली गं?"

ती हसली. "कुठं गेली? रोज काडी ओढायच्या आधी श्वास धरते मी."

"रोज?"

"रोज. तुला काय वाटलं?" मग म्हणाली, "थांब, यांना चहा द्यायचाय. फोन ठेवू नको." भांड्यात पाणी पडल्याचा आवाज आला. रेग्युलेटर फिरल्याचा बारीकसा आवाज आला. आणि मग तिकडे एकदम शांत झालं. मी फोन कानाशी घट्ट धरून उभी होते. काडी ओढल्याचा आवाज आला, ज्योत भस्सकन लागली, आणि आईनं हळूच श्वास सोडला.

तोवर मीही धरूनच ठेवला होता.